डब्लिनचा आरसा

साहित्य हा समाजाचा आरसा आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शालेय निबंधात कधी ना कधी लिहिलेले असते. परंतु आरशात दिसणारा चेहरा आपणांस आवडला नाही तर काय करावे, हे त्या निबंधात कोणी विचारीत नाही. इतिहासात मात्र या प्रश्नाचे उत्तर वारंवार दिले गेले आहे, आणि बहुतेक वेळा ते एकच असते : आरसा फोडावा. दि. ११ सप्टेंबर १९१२ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरातील एका छापखान्यात एका पुस्तकाच्या एक हजार प्रतींचे छापून तयार असलेले कागद नष्ट करण्यात आले. ते पुस्तक म्हणजे पंधरा लघुकथांचा एक संग्रह होता. त्यात बंडाची हाक नव्हती, की पाखंडाचा प्रचार नव्हता. त्यात होती ती त्याच शहरातील साधी माणसे : कारकून, फिरते विक्रेते, दुकानांत राबणाऱ्या मुली, दारूडे बाप, आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला एक धर्मगुरू. पुस्तकाचे नाव 'डब्लिनर्स', म्हणजेच डब्लिनवासी. लेखक होते जेम्स जॉईस.

सेमिनरीतील विद्यार्थिदशेत हा संग्रह प्रथम आमच्या हाती आला. पहिलीच कथा एका धर्मगुरूच्या मृत्यूची होती. ती आम्ही वाचली, मनातल्या मनात नापसंती दर्शविली आणि पुस्तक कपाटात परत ठेवले. जॉईस हे श्रद्धेपासून दुरावलेले लेखक आहेत, एवढे आमच्या कानांवर होते. तेव्हा त्यांच्याकडून धर्मगुरूंविषयी बरे काय यावे, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. पन्नाशी ओलांडल्यावर तेच पुस्तक आम्ही पुन्हा वाचले. या वेळी ते मिटून ठेवता आले नाही. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

लेखक आणि त्याचे शहर

जेम्स जॉईस यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८२ रोजी, म्हणजे प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणादिवशी, डब्लिन येथे झाला. वडील जॉन जॉईस हे करवसुली खात्यात नोकरीला होते. गोड गळ्याचे, हजरजबाबी, मित्रमंडळींत रमणारे, आणि दारूच्या आहारी गेलेले. सहाव्या वर्षी जेम्सला येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लॉन्गोज वुड या प्रतिष्ठित निवासी शाळेत घातले गेले. परंतु १८९१ साली पैशांअभावी त्याला घरी परतावे लागले. पुढे वडिलांची नोकरी गेली. कुटुंब मोठे, दहा मुले, आणि हाती तुटपुंजे निवृत्तिवेतन. एकामागून एक घरे बदलत हे कुटुंब शहराच्या अधिकाधिक गरीब वस्त्यांत सरकत गेले. काही काळ ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत काढल्यावर १८९३ साली येशूसंघाच्याच बेल्व्हेडियर शाळेत जेम्सला विनाशुल्क प्रवेश मिळाला. तेथे तो पवित्र मरियेच्या सोडॅलिटीचा प्रमुखही झाला. पुढे त्याची श्रद्धा ढळली. १३ ऑगस्ट १९०३ रोजी त्याची आई वारली. तिच्या मृत्युशय्येपाशी गुडघे टेकून प्रार्थना करण्यास त्याने नकार दिला होता, आणि त्या नकाराचा सल त्याला जन्मभर पुरला.

या मुलाने जे शहर पाहिले ते कसे होते? १८०१ साली आयर्लंड ब्रिटनशी जोडले गेले, डब्लिनची संसद बंद झाली आणि धनिक मंडळी हळूहळू शहर सोडून गेली. त्यांच्या भव्य वाड्यांची एकेक खोली गरिबांना भाड्याने दिली जाऊ लागली. आपल्या मुंबईतील चाळी निदान कामगारांसाठी म्हणून बांधल्या गेल्या होत्या. डब्लिनमधील हे वाडे एका कुटुंबासाठी बांधलेले, आणि त्यांत माणसे कोंबली गेली ती जिन्यापासून तळघरापर्यंत. २ सप्टेंबर १९१३ रोजी चर्च स्ट्रीटवरील अशी दोन घरे कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर झालेल्या सरकारी चौकशीत आढळले की, शहरातील सुमारे २० हजार कुटुंबे प्रत्येकी एका खोलीत संसार करीत होती. यांतील बहुसंख्य लोक कॅथलिक होते. रविवारी चर्च भरत असे, आणि शनिवारी गुत्ताही भरत असे. बहुधा दोन्ही ठिकाणी माणसे तीच असत.

पाहिलेले, भोगलेले

'डब्लिनर्स'मधील कथा ही जॉईस यांची आत्मकथा नव्हे. परंतु त्यातील क्वचितच एखादी गोष्ट त्यांनी निव्वळ कल्पनेने रचली असेल. पहिल्या तीन कथा एक लहान मुलगा सांगतो. त्यांतील 'ॲरबी' या कथेतील मुलगा राहतो तो नॉर्थ रिचमंड स्ट्रीट हा जॉईस कुटुंबाचाच रस्ता, आणि तो ज्या बाजाराकडे ओढ घेतो तो बाजारही डब्लिनमध्ये मे १८९४ मध्ये खरोखरच भरला होता. शेवटची कथा 'द डेड' हिच्यातील नाताळच्या दिवसांतली मेजवानी होते ती जॉईस यांच्या आईच्या मावश्यांच्या घरी; आणि त्या कथेतील पत्नीला आठवणारा, कोवळ्या वयात मरण पावलेला तरुण हा जॉईस यांच्या पत्नी नोरा यांच्या गॉलवे येथील पूर्वायुष्यातून आला आहे.

'काउंटरपार्ट्स' या कथेचा नायक एक नकलनवीस कारकून आहे. दिवसभर साहेबाची बोलणी खातो, घड्याळ गहाण टाकून दारू पितो, मित्रांसमोर ताकदीच्या पैजेत हरतो आणि रिकाम्या खिशाने घरी येतो. बायको चर्चमध्ये गेलेली असते. चूल विझलेली दिसताच तो लहान मुलावर काठी उगारतो. भेदरलेला मुलगा काय म्हणतो? मला मारू नका, मी तुमच्यासाठी 'नमो मरिये' म्हणेन. कथा तेथेच संपते. आम्ही अनेक वर्षे दारूबंदीवर प्रवचने केली आहेत; परंतु ही एक कथा वाचल्यानंतर आमची ती प्रवचने आम्हांलाच फिकी वाटू लागली. प्रार्थना या मुलाच्या ओठांवर आहे, आणि मार चुकविण्यासाठी देऊ करता येईल असे त्या गरीब घरात तेवढेच आहे. याला धर्मनिंदा म्हणावे की साक्ष?

फादर फ्लिन

आता त्या पहिल्या कथेकडे वळू. 'द सिस्टर्स' ही कथा १३ ऑगस्ट १९०४ रोजी 'आयरिश होमस्टेड' या शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या साप्ताहिकात प्रथम छापली गेली. आईच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होते. लेखक तेव्हा २२ वर्षांचा होता. संग्रहात घेताना त्याने ती पुष्कळशी नव्याने लिहिली.

फादर फ्लिन हे वृद्ध, आजारी धर्मगुरू आपल्या दोन गरीब बहिणींच्या घरी राहतात. पक्षाघाताच्या तिसऱ्या झटक्याने त्यांचा अंत होतो. एका मुलाशी त्यांची मैत्री असते. रोम येथील आयरिश कॉलेजात शिकलेले हे गुरुजी त्याला लॅटिन शब्दांचे उच्चार, रोमच्या भुयारी दफनभूमीच्या गोष्टी आणि मिस्साबळीतील विधींचे व पोशाखांचे अर्थ शिकवितात. मोठी माणसे मात्र त्यांच्याविषयी अर्धवट वाक्यांत बोलतात. अंत्यदर्शनाला गेल्यावर बहीण इलायझा सांगते : एकदा त्यांच्याकडून चषक फुटला. त्यात काही नव्हते म्हणतात, चूक मदतनीस मुलाची होती म्हणतात. पण तेव्हापासून त्यांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. एका रात्री कोणाकडे तरी जाण्यासाठी त्यांना बोलावणे आले, तर ते कुठेच सापडेनात. अखेरीस चर्च उघडून पाहिले तेव्हा ते अंधारात, पापनिवेदनाच्या पेटीत एकटेच बसलेले दिसले, टक्क जागे, स्वतःशीच मंद हसत.

विद्यार्थिदशेत आम्हांला या कथेत धर्मगुरुपदाची चेष्टा दिसली होती. आज तसे वाटत नाही. चषक हाती घेताना ज्याचे हात कापतात, आपण या सेवेस पात्र नाही या जाणिवेने ज्याला ग्रासले आहे, असा माणूस लेखकाने कोठेही हास्यास्पद केलेला नाही. शिवाय कथेचे नावही त्या धर्मगुरूंवरून दिलेले नाही. ते त्यांच्या दोन बहिणींवरून दिले आहे. ज्यांना धड शिक्षणही मिळाले नाही अशा त्या दोघींनी त्यांची शुश्रूषा केली. दुसरे एक धर्मगुरू, फादर ओरूर्क, अखेरच्या वेळी येतात, रुग्णाभ्यंग देतात, दफनाची सर्व व्यवस्था पाहतात. मरणसमयी सारे काही यथाविधी होते. मात्र चषक फुटल्यापासून मरणापर्यंतच्या काळात फादर फ्लिन यांच्याजवळ बसून 'तुम्हांला काय होते आहे?' असे कोणी विचारल्याचा उल्लेख या कथेत नाही.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध धर्मगुरू अखेरच्या दोन वर्षांत अबोल होत गेले. जेवणाच्या मेजावर ते बसत आणि उठून जात. त्यांचे वय झाले आहे, असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. त्यांच्या दफनविधीस मोठी गर्दी झाली आणि गुणगौरवाचे भाषण आम्हीच केले. फादर फ्लिन यांची कथा दुसऱ्यांदा वाचली ती त्या भाषणानंतर काही महिन्यांनी.

गार्डिनर स्ट्रीटचे चर्च

'ग्रेस', म्हणजे कृपा, या कथेतील मि. कर्नन हे चहाच्या व्यापारातील विक्रेते दारूच्या नशेत गुत्त्याच्या जिन्यावरून कोसळतात. जिभेचा तुकडा तुटतो. मित्र त्यांना सुधारण्यासाठी कट करतात : गार्डिनर स्ट्रीटवरील येशूसंघीयांच्या चर्चमध्ये पुरुषांसाठी होणाऱ्या तपसाधनेला त्यांना न्यायचे. या कथेला जॉईस यांच्या वडिलांच्या आयुष्यातील प्रसंगांचा आधार आहे.

आजाऱ्याच्या खाटेभोवती बसून ही मित्रमंडळी व्हिस्कीचे घोट घेत ख्रिस्तसभेच्या इतिहासावर चर्चा करतात. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत पोपमहोदयांच्या प्रमादातीतत्वाला दोघांनी विरोध केला, एक जर्मन कार्डिनल आणि आयर्लंडचे आर्चबिशप जॉन मॅकहेल. आणि निर्णय जाहीर होताच मॅकहेल उठून 'मी विश्वास ठेवतो' असे गर्जले, असे एक जण ठासून सांगतो. सारे भारावून जातात. वस्तुस्थिती अशी की, १८ जुलै १८७० च्या अंतिम मतदानात ५३३ जणांनी अनुकूल आणि दोघांनीच प्रतिकूल मत दिले. ते दोघे म्हणजे इटलीतील कायात्सोचे बिशप रिच्यो आणि अमेरिकेतील लिटल रॉकचे बिशप फिट्झगेराल्ड. आर्चबिशप मॅकहेल त्या मतदानास उपस्थितच नव्हते. जॉईस यांना हे ठाऊक होते. रोममध्ये वास्तव्यास असताना त्यांनी ग्रंथालयात बसून या परिषदेचा अभ्यास केला होता. विनोद परिषदेचा नाही. ऐकीव माहितीवर फुललेल्या, अभिमानाने भरलेल्या आणि जीवनाला कोठेही न भिडणाऱ्या धार्मिकतेचा तो विनोद आहे.

कथेच्या शेवटी फादर पर्डन व्यासपीठावरून अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यावर (लूक १६) प्रवचन करतात. समोर व्यापारी, सावकार, नगरपालिकेतील वजनदार माणसे बसलेली. फादर त्यांना दुखवीत नाहीत. आपण जणू आध्यात्मिक हिशेबनीस आहोत, प्रत्येकाने आपली वही उघडून जमाखर्च पाहावा आणि चूक असेल तेथे ती दुरुस्त करावी, असे ते सांगतात. प्रवचन सुटसुटीत आहे, पुरुषांना रुचणारे आहे. क्रूस मात्र त्यात कोठेच नाही. अशी प्रवचने आम्हीही केली आहेत, हे येथे मान्य करणे भाग आहे.

तथापि इतिहासकाराने येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे, कारण ती जॉईस यांच्या पुस्तकात नाही. याच गार्डिनर स्ट्रीटच्या चर्चमध्ये १८९८ साली येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी दारूचा संपूर्ण त्याग करणाऱ्यांची 'पायोनियर' ही संघटना स्थापन केली, आणि ती पुढे आयर्लंडभर पसरली. त्याच डब्लिनमध्ये मॅट टॅल्बट नावाचा मजूर राहत होता. १८५६ सालचा जन्म. बाराव्या वर्षी मद्यविक्रेत्यांकडे कामाला लागला आणि लवकरच स्वतः पिऊ लागला. १८८४ साली, २८ व्या वर्षी, त्याने प्रथम तीन महिन्यांसाठी दारू सोडण्याची शपथ घेतली. ती पुढे वाढवीत नेली आणि मरेपर्यंत ४१ वर्षे पाळली. लाकडाच्या वखारीत काम करावे, रोज पहाटे मिस्साला जावे, जुनी देणी फेडावीत, असा त्याचा क्रम होता. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, चर्चकडे जाताना तो रस्त्यातच कोसळला. प्रायश्चित्त म्हणून अंगावर वागविलेल्या साखळ्या मृत्यूनंतर दिसल्या तेव्हा लोकांना त्याची ओळख पटली. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला 'आदरणीय' म्हणून घोषित केले.

जॉईस यांनी दाखविलेले डब्लिन खरे, आणि मॅट टॅल्बटचे डब्लिनही खरे. परंतु पहिले नाकारून दुसऱ्याचा अभिमान धरता येत नाही. कर्नन ज्या जिन्यावरून पडले तसल्याच जिन्यांवरून टॅल्बटही पडला असणार. पडणे मान्य केल्याशिवाय उठण्याला अर्थ राहत नाही.

नऊ वर्षांची वणवण

ऑक्टोबर १९०४ मध्ये जॉईस नोरा बार्नॅकल यांच्यासह आयर्लंड सोडून गेले आणि एड्रियाटिक किनाऱ्यावरील ट्रिएस्ट येथे भाषाशिक्षक म्हणून पोट भरू लागले. १९०५ च्या अखेरीस त्यांनी बारा कथा लंडनच्या ग्रँट रिचर्ड्स या प्रकाशकाकडे पाठविल्या. १९०६ मध्ये करार झाला. पण तत्कालीन कायद्यानुसार आक्षेपार्ह मजकुरासाठी मुद्रकही जबाबदार धरला जाई, म्हणून मुद्रकाने हरकत घेतली, प्रकाशक कचरला आणि पुस्तक परत आले. त्या वेळच्या पत्रव्यवहारात जॉईस यांनी आपली भूमिका मांडली : आपल्याला आपल्या देशाच्या नैतिक इतिहासातील एक प्रकरण लिहावयाचे आहे, डब्लिन हे आपल्याला पक्षाघाताचे केंद्र वाटते, आणि आयरिश जनतेला या स्वच्छ आरशात पाहू न देणे म्हणजे तेथील सुधारणेची वाटचाल रोखणे होय.

१९०९ साली डब्लिनच्याच माँसेल या प्रकाशनसंस्थेशी करार झाला. तेथे वर्षानुवर्षे मागण्या वाढत गेल्या. दिवंगत राजे सातवे एडवर्ड यांच्याविषयीचा एक उल्लेख गाळा. खरी दुकाने, खरे गुत्ते यांची नावे बदला. एक संपूर्ण कथा काढा. राजाविषयीच्या उल्लेखावर जॉईस यांनी थेट पाचवे जॉर्ज यांनाच पत्र लिहिले. अशा विषयावर मत देणे महाराजांच्या प्रथेत बसत नाही, असे चिटणिसांचे उत्तर आले. अखेर सप्टेंबर १९१२ मध्ये मुद्रक जॉन फाल्कनर यांनी छापलेले कागद नष्ट केले. जॉईस त्याच रात्री बायकामुलांसह डब्लिन सोडून गेले आणि १३ जानेवारी १९४१ रोजी झुरिक येथे मृत्यू येईपर्यंत पुन्हा कधी परतले नाहीत. पुस्तक प्रसिद्ध झाले ते १५ जून १९१४ रोजी, लंडनमध्ये, त्याच ग्रँट रिचर्ड्सकडून. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती होत्या. त्यांतील १२० प्रती लेखकाने स्वतःच घ्याव्यात, अशी अट होती.

आरसा फोडल्याची किंमत

काढून टाका म्हणून प्रकाशकाने जिच्याविषयी हट्ट धरला होता ती कथा म्हणजे 'ॲन एन्काउंटर'. शाळा चुकवून भटकणाऱ्या दोन मुलांना एक अनोळखी प्रौढ माणूस भेटतो. त्याचे बोलणे हळूहळू विकृत होत जाते आणि मुलाला भीती वाटते. तो माणूस धर्मगुरू नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु मुलांना मोठ्यांपासून असा धोका असू शकतो, ही गोष्ट उच्चारण्याचीच त्या समाजाला भीती वाटत होती.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, मे २००९ मध्ये, आयर्लंडमधील धर्मसंस्थांच्या निवासी शाळांत मुलांवर झालेल्या अत्याचारांचा सरकारी चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुद्द डब्लिन महाधर्मप्रांताविषयीचा अहवाल आला. १९७५ ते २००४ या काळातील तक्रारी हाताळताना गुप्तता राखणे, बोभाटा टाळणे आणि संस्थेची प्रतिष्ठा जपणे यांना मुलांच्या सुरक्षिततेपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. १९ मार्च २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांना आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून दुःख आणि लज्जा व्यक्त करावी लागली. एक कथासंग्रह दडपल्यामुळे हे सारे घडले, असे म्हणणे बालिशपणाचे होईल. परंतु न आवडणारे सत्य झाकावे म्हणजे ते नाहीसे होते, ही समजूत दोन्ही ठिकाणी एकच होती. आणि तिची किंमत लहान मुलांनी मोजली.

आपल्या धर्मग्रामांतही एखाद्या नाटकात वा कथेत आपले दारूचे व्यसन, आपले भाऊबंदकीचे खटले, आपली आपापसांतील उच्चनीचता दाखविली की, 'बाहेरचे लोक काय म्हणतील?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. त्यातील चित्र खरे आहे काय, हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. प्रत्येक कडवट लेखन सत्य असते असे नव्हे. त्याची पारख केलीच पाहिजे, आणि श्रद्धेपासून दूर गेलेल्या जॉईस यांच्याशी आमचे सर्वच बाबतींत एकमत होणे शक्य नाही. परंतु पारख करण्यासाठी ते आधी वाचावे लागते.

आपले आजी-आजोबा कुमसाराला जाण्यापूर्वी चर्चच्या एका कोपऱ्यात गुडघे टेकून आपल्या मनाची तपासणी करीत. 'डब्लिनर्स' ही एका अख्ख्या शहराची तशी तपासणी आहे. ती ज्याने केली तो स्वतः त्या पेटीपर्यंत गेला नाही, ही त्याची कहाणी. आम्ही मात्र तेथे रोज बसतो. ते पुस्तक दुसऱ्यांदा संपवल्यावर आम्ही आमच्या निवृत्त, आजारी धर्मगुरुबंधूंची नावे एका कागदावर लिहिली आणि दर सोमवारी त्यांतील एकाकडे जाण्याचा नेम केला. भाषण करावयाचे नाही, केवळ जवळ बसून विचारावयाचे आहे. पहिल्या सोमवारी आम्हांला उत्तर मिळण्यास अर्धा तास लागला. पण उत्तर मिळाले.